सीतेची वेणी: झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडची लागवड आणि वर्षभराची निगा

सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकण-गोव्याच्या बागांमध्ये, वळवाच्या सरी सुरू होण्याच्या सुमारास, जुन्या आंब्या-फणसांच्या खोडांवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब गजरे लोंबू लागतात. हे ऑर्किड आपल्याकडे सीतेची वेणी म्हणून ओळखले जाते. त्याचे शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ते राज्यपुष्प आहे आणि आसामात रोंगाली बिहू या वसंतोत्सवात नाचणाऱ्या मुली ‘कोपौ फूल’ म्हणून तेच केसांत माळतात. भारताखेरीज श्रीलंका, नेपाळ, म्यानमारपासून फिलिपिन्सपर्यंत ते आढळते. एवढ्या विस्तृत प्रदेशात जे रोप आपोआप वाढते, ते घरी आणल्यावर मात्र वर्ष-दोन वर्षांत झिजून जाते, हा अनेकांचा अनुभव आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा दुर्लक्ष हे नसते. कुंडीतल्या झाडासाठी योग्य असलेली काळजी झाडावरच्या रोपाला लागू केली जाते आणि तिथेच गणित चुकते.

एक गैरसमज आरंभीच दूर करायला हवा. सीतेची वेणी हे बांडगूळ नाही. बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या आत घुसवून त्याचा रस शोषते, तर हे ऑर्किड झाडाच्या सालीला केवळ धरून राहते आणि पाऊस, दव व सालीवरून ओघळणारे पाणी यांतून आपली गरज भागवते. आंब्यावर चार ऑर्किड वाढल्याने आंब्याचे उत्पन्न घटत नाही. तरीही बागेची साफसफाई करताना बांडगुळाबरोबर ही रोपेही कोयत्याने खरवडून टाकली जातात, त्यामुळे कामावरील माणसांना दोहोंतील फरक आधी दाखवून ठेवणे चांगले.

मुळे आधी समजून घ्यावीत

या रोपाचे सारे आरोग्य मुळांत असते. बोटाच्या निम्म्या जाडीची, पांढुरकी-राखाडी मुळे खोडातून बाहेर पडून हवेत लोंबतात किंवा सालीला चिकटतात. त्यांच्यावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, त्याला वेलामेन म्हणतात. पाणी पडताच हे आवरण काही क्षणांत ते शोषून घेते, पारदर्शक होते आणि आतल्या हरितद्रव्यामुळे मूळ हिरवे दिसू लागते. ते सुकले की पेशींमध्ये पुन्हा हवा भरते आणि मूळ चंदेरी होते. हा रंगबदल हेच पाणी देण्याचे सर्वांत भरवशाचे मोजमाप आहे आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

वेलामेन सतत ओले राहिले तर आतील जिवंत भागाला हवा मिळत नाही आणि मूळ कुजते. म्हणून या ऑर्किडला माती, शेणखत किंवा गांडूळखत भरलेल्या कुंडीत लावणे म्हणजे त्याचा श्वास बंद करणे होय. त्याला भरपूर पाणी चालते, किंबहुना लागते. चालत नाही तो साचलेला ओलावा. भिजवल्यानंतर मुळे किती वेळात सुकतात, या प्रश्नावर जागा, बांधणी, पाणी आणि खत यांविषयीचे पुढचे जवळजवळ सर्व निर्णय अवलंबून आहेत.

वाढीचा प्रकारही लक्षात घ्यावा. हे एकाच शेंड्याने वर वाढणारे रोप आहे. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडला जसे दरवर्षी बुडापासून नवे कांड फुटते, तसे येथे होत नाही. मधल्या शेंड्यातून दोन्ही बाजूंना पाने येत राहतात आणि खालची जुनी पाने वर्षाकाठी एक-दोन या गतीने पिवळी पडून गळतात. ही पानगळ स्वाभाविक असते. शेंडा कुजला तर मात्र रोपाची वाढ थांबते, म्हणून शेंड्यात पाणी साचू न देणे हा या निगेतील दुसरा मोठा नियम आहे.

रोप कोठून घ्यावे

सर्व ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराचे नियंत्रण आहे. देशांतर्गत पाहिले तर राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून रोप उपटून आणणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जंगलातून ओरबाडलेले रोप विकत घेणे हा वाईट सौदा ठरतो. सालीवरून खेचताना मुळांची टोके तुटतात, जुनी मुळे नव्या जागेला चिकटत नाहीत आणि रोप पानांतील साठ्यावर काही महिने तग धरून मग सुरकुतत जाते. घाटातल्या रस्त्यालगत किंवा आठवडी बाजारात जुडी बांधून विकली जाणारी रोपे बहुधा याच वाटेने आलेली असतात. मुळांना चिकटलेले सालीचे तुकडे, पानांवरील दगडफूल आणि शेवाळ, वेगवेगळ्या वयांच्या रोपांचा ढीग आणि आखूड तुटलेली मुळे या खुणांवरून ती ओळखता येतात.

रोपवाटिकेत प्रयोगशाळेतून वाढवलेली रोपे मिळतात. त्यांची मुळे टोपलीला किंवा फळीला आधीच धरलेली असतात आणि पाने सारख्या आकाराची असतात. घेताना पाने मोजण्यापेक्षा मुळे पाहावीत. निदान तीन-चार टणक मुळे असावीत आणि त्यांतील काहींची टोके हिरवी किंवा तांबूस-जांभळी, चकचकीत असावीत, कारण तसे टोक म्हणजे चालू वाढीचा पुरावा असतो. पहिल्यांदाच लावणाऱ्याने फुलण्याच्या वयाचे, म्हणजे सात-आठ दणकट पाने असलेले रोप घ्यावे. स्वस्तात मिळणारे दोन इंची रोप फुलायला अनेक वर्षे घेते आणि तोवर बहुतेकांचा धीर सुटतो.

सीतेची वेणी हे नाव काही ठिकाणी एरिडिस या जवळच्या ऑर्किडालाही दिले जाते, म्हणून शास्त्रीय नाव विचारून घ्यावे. रिंकोस्टायलिसचा तुरा दाट, दंडगोलाकार आणि गच्च फुलांचा असतो, तर आपल्याकडच्या एरिडिसची फुले अधिक गुलाबी आणि विरळ असतात. निगा दोहोंची जवळपास सारखीच आहे, त्यामुळे अदलाबदल झाली तरी फार बिघडत नाही.

स्वतःच्या बागेत वादळाने फांदी मोडून त्यावरचे रोप खाली आले असेल तर ते फांदीपासून सुटे करू नये. फांदीचा तेवढाच तुकडा करवतीने कापून तो दुसऱ्या झाडाला बांधावा. मुळांना धक्का न लावता रोप वाचवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

जागा आणि ऊन

या ऑर्किडला गाळीव पण भरघोस प्रकाश लागतो. पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली किंवा विरळ पालवीच्या झाडाखाली जेवढे ऊन झिरपते, तेवढे योग्य. घरात, खिडकीपासून दूर, शोभेसाठी टांगलेले रोप जगते पण फुलत नाही. वातानुकूलित खोली तर त्याच्यासाठी अजिबात योग्य नाही, कारण तिथली हवा कोरडी असते. पूर्वेकडची गॅलरी सर्वांत उत्तम, कारण सकाळचे दोन-तीन तास थेट ऊन त्याला मानवते. पश्चिमेकडच्या गॅलरीत मार्च ते मे या काळात जाळी लावल्याशिवाय रोप ठेवू नये.

प्रकाश पुरेसा आहे की नाही हे पानेच सांगतात. गर्द हिरवी, लांबट, मऊ पाने म्हणजे सावली जास्त आहे. किंचित पिवळसर झाक असलेला हिरवा रंग आणि कडक पाने म्हणजे जागा बरोबर आहे. पानांवर तांबूस ठिपके दिसू लागले तर ऊन सहनशक्तीच्या सीमेवर आले आहे आणि पांढरट-तपकिरी कोरडा डाग पडला तर ते भाजले आहे. भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही, पण तो कोरडा असेल तर पान कापण्याची गरज नसते.

महाराष्ट्रात झाडाची बाजू निवडताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. उत्तरेकडच्या बाजूला वर्षभर सावली असते असे गृहीत धरून रोप तिथे बांधले जाते, परंतु संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्याकडे शून्य सावलीचा, म्हणजे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येण्याचा दिवस येतो. मुंबई-पुण्यात तो मेच्या मध्यास येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेच्या बाजूस असतो. पाऊस लांबला तर नेमक्या याच काळात उत्तरेकडच्या रोपाला डोक्यावरचे कडक ऊन मिळते. म्हणून वर पालवी असलेली ईशान्य किंवा पूर्व बाजू निवडावी. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा थेट माराही त्या बाजूस कमी बसतो.

बांधणी

मोकळे अंगण असेल तर रोप झाडावर बांधणे हा सर्वांत चांगला पर्याय आहे, कारण तिथे पाणी, वारा आणि ऊन यांचे संतुलन बऱ्याच अंशी झाडच सांभाळते. आंबा, फणस, जांभूळ, चिकू आणि चाफा ही झाडे योग्य आहेत. साल खडबडीत व टिकाऊ असावी. पेरू आणि निलगिरी यांची साल पापुद्र्यांनी सुटून पडते आणि तिच्याबरोबर रोपही पडते. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ असतात, शिवाय त्यावर सुरवंटांचे थवे येतात. चाफ्याची पाने हिवाळ्यात गळतात आणि तेव्हा मिळणारे जादा ऊन ऑर्किडला उपकारक ठरते, परंतु एप्रिलमध्ये फांद्या उघड्याच असतील तर वर तात्पुरती जाळी धरावी लागते. हापूसच्या व्यावसायिक बागेत मोहोराच्या काळात वारंवार फवारण्या होतात, त्यामुळे तिथे फवाऱ्याच्या टप्प्याबाहेरचे झाड निवडणे शहाणपणाचे.

बांधण्याची वेळ महत्त्वाची आहे. पहिला दमदार पाऊस पडून हवा ओलसर झाली आणि मुळांच्या टोकांना हिरवेपणा आला की बांधावे. बहुतेक ठिकाणी हा काळ जूनच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचा असतो. रोप फुलावर असेल तर तुरा उतरेपर्यंत थांबावे. नवी मुळे आधाराला चिकटण्यासाठी सलग दोन-अडीच महिने ओली हवा लागते आणि ती आपल्याला पावसाळाच देतो. दिवाळीनंतर बांधलेले रोप पुढच्या पावसापर्यंत नुसते लटकत राहते.

प्रत्यक्ष बांधताना कुजलेली, पोकळ मुळे निर्जंतुक कात्रीने कापून टाकावीत आणि टणक मुळे कितीही वेडीवाकडी असली तरी राखावीत. रोप खोडाला टेकवून त्याचा शेंडा बाहेरच्या आणि किंचित खालच्या बाजूस कलेल असे धरावे, म्हणजे पानांच्या बेचक्यात पडलेले पाणी आपोआप निथळते. निसर्गात हे रोप बहुधा असेच कललेले असते. सरळ उभे रोप आपल्या डोळ्यांना नीटनेटके वाटते, पण पावसाळ्यात त्याच्याच शेंड्यात पाणी साचते. बुडाशी आणि जाड मुळांवरून रुंद पट्टीने, म्हणजे जुन्या सुती बनियनच्या किंवा लवचीक कापडाच्या पट्टीने, घट्ट बांधावे. रोप हलले की मुळांची कोवळी टोके घासून मरतात, त्यामुळे ते हाताने हलवून पाहावे आणि हलत असेल तर पुन्हा आवळावे. सुतळी पावसात लवकर कुजते. नायलॉनची दोरी किंवा मासेमारीची तंगूस टिकते, मात्र ती मुळात रुतू नये म्हणून खाली कापड घालावे. तांब्याची तार मुळीच वापरू नये, कारण तांबे मुळांना विषारी ठरते. साधारण वर्षभराने नव्या मुळांनी खोड धरले की बांधणी सोडता येते.

मुळांवर मॉस किंवा नारळाच्या काथ्याचा जाड थर बांधण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या कोरड्या हवेत मुळांच्या मागे पातळ थर चालतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर तो घालू नये. जुलैत तो आठवडेच्या आठवडे सुकत नाही.

गॅलरीत वाढवायचे असेल तर सागाची किंवा दुसऱ्या टिकाऊ लाकडाची फळी घ्यावी, अथवा लाकडी पट्ट्यांची सुमारे १५ सेंटिमीटर रुंदीची टोपली घ्यावी. फळी रोपाच्या मानाने मोठी असावी, कारण चिकटलेले रोप पुन्हा हलवावे लागू नये. टोपलीत ४-५ सेंटिमीटरचे लाकडी कोळशाचे मोजके तुकडे ठेवावेत, तेही केवळ रोप स्थिर राहण्यापुरते. बारीक कोळसा, विटांचा चुरा किंवा काथ्या भरून टोपली गच्च करू नये. नारळाचे सोडण वापरायचे असल्यास ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावे, म्हणजे त्यातील क्षार आणि तपकिरी द्रव्य निघून जाते. मुळे टोपलीबाहेर येऊन लोंबू लागली की ती पुन्हा आत कोंबण्याचा मोह टाळावा. ती बाहेरच हवी असतात.

पाणी

सर्वांत जास्त प्रश्न पाण्याविषयी विचारले जातात आणि ‘किती दिवसांनी’ या स्वरूपात त्यांचे उत्तर देता येत नाही. रीत अशी ठेवावी: सकाळी मुळे पूर्ण हिरवी होईपर्यंत पाणी द्यावे, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एकदा द्यावे आणि ती परत चंदेरी व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे. फळीवरील रोपाची मुळे दोन ते चार तासांत आणि टोपलीतील मुळे सायंकाळपर्यंत सुकली पाहिजेत. त्याहून लवकर सुकत असतील तर पाणी किंवा आर्द्रता वाढवावी. रात्रीही ओली राहत असतील तर वारा वाढवावा किंवा भरण कमी करावे. नुसत्या पिचकारीने पाने ओली करणे म्हणजे पाणी देणे नव्हे, त्याने पाने चमकतात आणि मुळे तहानलेलीच राहतात.

पाणी सकाळी देण्यामागे आणखी एक कारण आहे. जाड पानांची अनेक ऑर्किड दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. बाष्पीभवन टाळण्याची ही त्यांची युक्ती आहे. सकाळी पाणी दिले की दिवसाच्या उबेने पाने आणि शेंडा कोरडा होतो, तर सायंकाळी दिलेले पाणी शेंड्यात रात्रभर राहते आणि बुरशीला वाव मिळतो.

ऋतूंप्रमाणे आणि प्रदेशांप्रमाणे हे गणित बरेच बदलते. मार्च ते मे या काळात रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात हवा दमट असल्याने फळीवरच्या रोपाला रोज सकाळी एकदा पाणी पुरते. पुण्यात आणि नाशकात दुपारची हवा फार कोरडी होते, तेव्हा सकाळी भरपूर आणि दुपारी चारच्या सुमारास पुन्हा एकदा पाणी द्यावे, मात्र अंधार पडण्यापूर्वी शेंडा सुकला पाहिजे. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे उघड्यावर फळीवरचे रोप सांभाळणे फार कष्टाचे आहे. ते टोपलीत लावून दाट सावलीत, जमिनीपासून कमी उंचीवर, भिजवलेल्या गोणपाटाच्या पडद्यामागे ठेवावे आणि खाली पाण्याने भरलेल्या वाळूचा ट्रे ठेवावा. विदर्भात हे रोप फुलवता येते, पण उन्हाळ्याचे ते दोन महिने घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी हा नाद करू नये.

पावसाळ्यात उघड्यावरच्या रोपाला आपण पाणी देण्याचा प्रश्न नसतो. छताखालच्या गॅलरीतल्या रोपाला मात्र तो असतो, कारण बाहेर धो-धो पाऊस पडत असताना आतली मुळे कोरडीच असू शकतात. शक्य असल्यास या दिवसांत पावसाचे पाणी पिंपात साठवावे. सलग आठ-दहा दिवस झड लागली तर वारा खेळता राहील असे पाहावे, दोन टोपल्यांमध्ये अंतर ठेवावे आणि शेंड्यात पाणी थांबलेले दिसल्यास रोप उलटे धरून झटकावे किंवा कागदाच्या सुरळीने टिपून घ्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये अचानक लख्ख उघडीप पडते, तेव्हा ढगांखाली मऊ झालेली पाने एका दुपारीत भाजतात, म्हणून जाळी पावसाळ्यातही काढू नये.

ऑक्टोबर हा फसवा महिना आहे. पाऊस थांबतो, उकाडा वाढतो, माणसे दिवाळीच्या तयारीत असतात आणि पावसाळ्यात भराभर वाढलेली नवी मुळे एकाएकी कोरडी पडू लागतात. या महिन्यात पाणी उन्हाळ्याइतकेच नियमित द्यावे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मात्र ते कमी करत जावे: फळीवर एक दिवसाआड, टोपलीत तीन-चार दिवसांनी. पाने किंचित सुरकुतली तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण हा कोरडा आणि गार विसावा पुढच्या फुलोऱ्यासाठी उपयोगी असतो. रात्रीचे तापमान १० अंशांखाली जाण्याची चिन्हे असतील तर रोप कोरडे ठेवून भिंतीच्या आडोशाला घ्यावे.

पाण्याचा दर्जाही पाहावा. बोअरच्या पाण्यातील क्षार मुळांवर आणि पानांवर पांढरा थर धरतात आणि मुळांची टोके करपवतात. पाण्यातील एकूण विद्राव्य क्षार २०० पीपीएमच्या आत असलेले बरे. त्याहून जास्त असल्यास पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी त्यात मिसळावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून ऑर्किडला घातले जाते, पण त्यात क्षार अधिकच एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे.

रोप अगदीच सुकले असेल, पानांवर उभ्या सुरकुत्या पडल्या असतील, तर बादलीत मुळे वीस-तीस मिनिटे बुडवून काढावीत, सुकू द्यावीत आणि असे काही दिवस रोज करावे. रात्रभर बुडवून ठेवल्याने फायदा होत नाही, उलट उरलेली मुळेही धोक्यात येतात.

खत

झाडावरच्या रोपाला पावसाच्या पाण्यातून, पक्ष्यांच्या विष्ठेतून आणि सालीवरच्या कचऱ्यातून फार थोडे पोषण मिळते आणि त्यावर त्याचे भागते. म्हणून खत पातळ आणि वारंवार द्यावे. कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या काळात म्हणजे जून ते ऑक्टोबर, आठवड्यातून एकदा मुळांवर फवारावे. आधी साध्या पाण्याने मुळे भिजवून मग खत द्यावे, कारण कोरडी मुळे खताचे द्रावण एकदम शोषतात आणि टोके जळतात. महिन्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने फळी आणि कोळसा धुऊन काढावा, विशेषतः कोळसा, कारण त्यात क्षार साठत जातात.

पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट, लिटरला अर्धा ग्रॅम, स्वतंत्रपणे द्यावे. ते १९:१९:१९ मध्ये मिसळू नये, स्फुरदाशी त्याचा साका तयार होतो. हिवाळ्यात खत महिन्यातून एकदा किंवा मुळीच दिले नाही तरी चालते. फुलांसाठी ०:५२:३४ हे नत्र नसलेले स्फुरद-पालाश खत देण्याचा सल्ला द्राक्षबागांतून ऑर्किडांत आला आहे. जागा आणि ऊन योग्य असेल तर त्याची गरज पडत नाही आणि ते योग्य नसेल तर या खताने फुले येत नाहीत.

फुलोरा

निरोगी रोपाला मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या बेचक्यातून तुऱ्याचे टोक दिसू लागते. मुळाचे टोक गुळगुळीत आणि चकचकीत असते, तर तुऱ्याच्या टोकावर लवकरच कळ्यांचे उंचवटे जाणवतात. यानंतर रोपाची जागा आणि दिशा बदलू नये. पाण्यात खंड पडला किंवा लूसारखा गरम वारा लागला तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. पूर्ण वाढलेल्या रोपाचा तुरा एक ते दीड फूट आणि क्वचित त्याहून लांब होतो, त्यावर शंभरावर फुले असू शकतात आणि सौम्य सुगंधासह तो दोन ते तीन आठवडे टिकतो. फुलांवर थेट पाणी मारू नये. उघड्यावरचे रोप मेअखेर फुलले आणि पाऊस आला तर पाकळ्यांवर डाग पडतात, त्यावर तुरा छपराखाली घेण्यापलीकडे उपाय नाही.

दोन-तीन वर्षे होऊनही फुले न आल्यास पहिला संशय कमी प्रकाशाचा घ्यावा. त्यानंतर हिवाळ्यातही रोज दिलेले पाणी, नत्राचा अतिरेक आणि वारंवार बदललेली जागा यांकडे पाहावे. प्रकाश वाढवायचा तर तो हिवाळ्यात, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा.

रोग आणि कीड

पावसाळ्यातील सर्वांत घातक रोग म्हणजे शेंडाकूज. मधले पान सहज उपटून हातात आले आणि त्याचे बूड काळपट, ओलसर असले की ती झाली असे समजावे. बाधित भाग स्पिरिटने पुसलेल्या पात्याने निरोगी हिरव्या भागापर्यंत कापावा, पात्याला प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसावे आणि रोप छपराखाली, वाऱ्यात, आठवडाभर कोरडे ठेवावे. कापलेल्या जागी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पेस्ट किंवा दालचिनीची पूड लावता येते, मात्र दालचिनी मुळांवर सांडू देऊ नये, ती त्यांना सुकवते. शेंडा गेला तरी खोड आणि मुळे शाबूत असतील तर रोप फेकू नये, कारण काही महिन्यांनी बाजूने नवा कोंब फुटण्याची शक्यता असते. तांबेयुक्त बुरशीनाशके मुळांच्या कोवळ्या टोकांना भाजतात, म्हणून ती टाळलेली बरी.

किडींमध्ये पानांच्या बेचक्यात बसणारे पिठ्या ढेकूण आणि पानांच्या खालच्या बाजूस चिकटणारी खवले कीड नेहमीची आहे. थोडी असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावीत. प्रादुर्भाव जास्त असल्यास लिटरला तीन ते पाच मिली कडुनिंबाचे तेल थोड्या साबणद्रावणासह, उन्ह उतरल्यावर फवारावे आणि शेंड्यात साचलेले द्रावण टिपून घ्यावे. मुंग्यांची रांग दिसली की ढेकूण जवळपास आहेत असे समजून शोधावे. पावसाळ्यात गोगलगायी आणि शेंबड्या गोगलगायी रात्री येऊन मुळांची हिरवी टोके खातात. सकाळी मूळ बोथट दिसते आणि वाढ का थांबली ते कळत नाही. रात्री नऊनंतर विजेरी घेऊन त्या वेचणे हा कंटाळवाणा, पण हमखास उपाय आहे.

नवी रोपे

बियांपासून घरी रोपे करता येत नाहीत. शेंगेत धुळीएवढ्या बारीक असंख्य बिया असतात, पण त्यांच्यात अन्नसाठा नसतो आणि निसर्गात ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. १९२२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी बुरशीशिवाय, साखरयुक्त निर्जंतुक माध्यमावर ऑर्किडच्या बिया रुजवून दाखवल्या. रोपवाटिकांतील आजची रोपे त्याच वाटेने तयार होतात. रोप लहान किंवा अशक्त असेल तर धरलेल्या शेंगा खुडून टाकाव्यात, कारण त्या पिकायला अनेक महिने लागतात आणि तेवढा काळ रोपाची शक्ती त्यांत खर्ची पडते.

जुन्या रोपाला बुडाशी फुटलेला कोंब हा घरच्या घरी मिळणारा एकमेव मार्ग आहे. त्याला स्वतःची निदान तीन मुळे, तीही बोटभर लांबीची, येईपर्यंत त्याला वेगळे करू नये. वेगळे करायचे तर पावसाळ्याच्या तोंडाशी करावे, कापाच्या दोन्ही बाजू दिवसभर सुकू द्याव्यात आणि मग वर सांगितल्याप्रमाणे कललेल्या स्थितीत बांधावे. जागेची अडचण नसेल तर कोंब आईजवळच राहू द्यावा, कारण चार-पाच शेंड्यांच्या एका झुबक्यातून एकाच वेळी लोंबणारे तुरे सुट्या रोपांपेक्षा कितीतरी देखणे दिसतात.